मागच्या सीटचा बेल्ट

गाड्या ठोकून पाहायच्या त्या प्रयोगशाळेत त्याला सगळे कंपाउंडर म्हणायचे. डॉक्टर म्हणजे इंजिनिअर मंडळी. ती काचेपलीकडच्या खोलीत बसून आलेख वाचायची. डमींच्या अंगाला हात लावायचं काम याचं. माणसाच्या उंचीचे, माणसाच्या वजनाचे, वरून रबराची कातडी आणि आत पोलादी बरगड्या असलेले ते पुतळे त्याने तेवीस वर्षं पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते.

धडकेच्या आदल्या दिवसापासून त्यांची सरबराई सुरू व्हायची. सुती कपडे चढवायचे, बुटाच्या नाड्या बांधायच्या, सांधे बेताने आवळायचे. हात आडवा धरून सोडला तर तसाच राहावा आणि बोटाने टेकलं की खाली यावा, इतकेच. मग रंगकाम. कपाळाला निळा, नाकाला पिवळा, हनुवटीला लाल, गुडघ्यांना हिरवा. धडक झाल्यावर गाडीत कुठे कुठला रंग लागलाय ते पाहिलं की काय कशावर आपटलं ते कळायचं. बायको म्हणायची, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या तोंडाकडे एवढं निरखून कधी पाहिलंत?"

"तू आपटत नाहीस ना कशावर."

"आपटते की. तुमच्यावरच."

सगळ्यांत शेवटी बेल्ट. हनुवटीपासून बेल्टच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. प्रयोगशाळेच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्या स्वतः येऊन पुन्हा मोजायच्या. जरा इकडेतिकडे झालं की सगळं सोडून पहिल्यापासून. कंपाउंडरला त्याचा कधी कंटाळा आला नाही. त्याचा हात असा बसला होता, की मॅडमच्या आकड्यात आणि त्याच्या आकड्यात कित्येक वर्षांत फरक पडला नव्हता.

कामाच्या टेबलाच्या खणात त्याचा एक पत्र्याचा डबा होता. धडक झालेल्या गाड्यांचे बेल्ट कापून टाकायचे, तेव्हा त्यांच्या टोकाच्या धातूच्या क्लिपा तो काढून ठेवायचा. गाडीची वायरिंग तपासताना नुसती क्लिप बकलमध्ये खोचली की बेल्ट लावलाय असं गाडीला वाटायचं आणि ती टुंगटुंग वाजायची थांबायची. काम सोपं व्हायचं. डब्यात अशा तीस-चाळीस क्लिपा सहज असतील. कधी कुणी ओळखीचा म्हणायचा, "अहो, ती घंटी फार डोकं उठवते." मग कंपाउंडर डब्यातली एक क्लिप त्याच्या हातावर ठेवायचा. त्याचा स्वभाव भिडस्त. नाही म्हणायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

त्याला एकच बहीण, सहा वर्षांनी मोठी. ताई शिवणाचा क्लास चालवायची. आई लवकर गेल्यामुळे याचं न्हाणंधुणं, अभ्यास, कान पिळणं, सगळं तिनेच केलं होतं. हा पन्नाशी ओलांडून गेला तरी ती त्याला "धाकट्या" अशीच हाक मारायची आणि दारात चपला वाकड्या काढल्या तर परत जाऊन सरळ करायला लावायची. भाऊजी छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशातलं लाल पेन सुटलं नव्हतं. पेपर वाचायला घेतला तरी ते आधी चुका काढायचे, मग बातमी वाचायचे. मेहुण्याला ते गमतीने "शालक महाशय" म्हणत. त्यांची मुलगी, म्हणजे कंपाउंडरची भाची, शाळेत गणित शिकवायची. ती कमवायला लागली तशी घरात गाडी घ्यायची बोलणी सुरू झाली.

ताईची अट एकच होती. "गाडी उंच हवी बाई. माझे गुडघे असे. वाकून आत शिरायचं आणि कुथत बाहेर यायचं माझ्याने व्हायचं नाही."

उंच हवी, पण गल्लीत वळायला हवी. म्हणजे छोटी एसयूव्ही. भाऊजींनी चार कंपन्यांची माहितीपत्रकं आणली, त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुकांना गोल केले आणि एका रविवारी सकाळी ती सगळी कंपाउंडरपुढे मांडली.

त्यातली एक गाडी पाहून कंपाउंडरची छाती फुगली. आठ महिन्यांपूर्वी ती त्यांच्याच प्रयोगशाळेत ठोकली होती. निकाल केव्हाच जाहीर झाला होता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"ही घ्या," तो म्हणाला. "हिला मी स्वतः पाहिलंय. चौसष्टच्या वेगाने समोरून अर्ध्या अंगाने धडकवली. पुढचा भाग पापडासारखा चुरा. पण दाराच्या खांबाला सुरकुतीसुद्धा नाही. धडकेनंतर मी दार उघडलं ते एका हाताने. डमीच्या तोंडाचा रंग सगळा एअरबॅगवर, कुठे लोखंडाला ठिपका नाही. सुरक्षिततेचे पाच तारे मिळालेत. भाऊजी, डोळे झाकून घ्या."

भाऊजींनी डोळे झाकण्याऐवजी चष्मा लावला. "इथे तळटीप आहे. फार बारीक अक्षरात. हे पाच तारे मागे बसणाऱ्याचेही धरायचे का?"

"मागे मुलांच्या डमी असतात, त्यांच्या त्यांच्या खुर्चीत, बांधलेल्या. या धडकेत मोठं माणूस मागे बसवत नाहीत." एवढं सांगून कंपाउंडरने हात झटकला. "पण गाडी चांगली आहे हो. तुम्ही तळटिपा काय वाचत बसता!"

गाडी आली. पहिल्याच दिवशी कुरकुर सुरू झाली. ताई मागे बसली, तिने बेल्ट ओढला आणि लगेच सोडून दिला. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. उंची बेताची, त्यामुळे बेल्ट खांद्यावर न बसता थेट त्या व्रणावर यायचा. "जीव गुदमरतो रे," ती म्हणाली. "कुणी गळा धरल्यासारखं वाटतं."

बेल्ट नाही लावला की गाडी वाजायची. सिग्नलपर्यंत वाजायची, वळणावर वाजायची, पार बाजारापर्यंत वाजायची. पुढे बसलेले भाऊजी वैतागायचे, गाडी चालवणारी भाची वैतागायची. कंपाउंडर निक्षून म्हणाला, "ताई, बेल्ट लावायचा म्हणजे लावायचा. माझ्यासमोर तरी सबबी सांगू नकोस." महिनाभर हे चाललं. मग ताईने गाडीत बसणंच सोडलं. गाडी खाली उभी आणि ही बाई दुखरे गुडघे घेऊन बसच्या पायऱ्या चढते.

एक दिवस कंपाउंडर तिच्याकडे गेला, तर ती पायाला शेक देत बसली होती.

"बसने कशाला गेलीस?"

"मग काय करू? तुमची गाडी मला ओरडते."

"बेल्ट लाव ना मग."

"धाकट्या, तू त्या बाहुल्यांचं सगळं ऐकतोस. कुणाचा बूट घट्ट झाला, कुणाची मान वाकडी झाली, सगळं बघतोस. बहिणीचं एवढंसं ऐकवत नाही तुला. ती टुंगटुंग बंद करायला काहीतरी असेल की तुमच्याकडे."

तिचा गुडघा चांगलाच सुजला होता. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यातून एक क्लिप घेतली, संध्याकाळी ताईकडे जाऊन मागच्या सीटच्या बकलमध्ये खटकन बसवली आणि गाडी सुरू करून दाखवली. गाडी अगदी शहाण्यासारखी गप्प राहिली. ताईने टाळ्या वाजवल्या. "आता कसं! यासाठी महिनाभर माझा जीव खाल्लास?"

निघताना तो म्हणाला होता, "लांब जाताना मात्र बेल्ट लावायचा हं." ती "बरं बरं" म्हणाली. दोघांनाही माहीत होतं, की ते बोलण्यापुरतं आहे.

पाच महिने गेले. शाळेला सुट्टी लागली आणि भाची आईवडिलांना घेऊन तिच्या एका मैत्रिणीकडे निघाली. दीड तासाचा रस्ता, दुपारची वेळ, उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. समोरून येणाऱ्या टेम्पोचा टायर फुटला आणि तो सरळ यांच्या अंगावर आला. भाचीने ब्रेक दाबला, पण टेम्पो आलाच.

फोन आला तेव्हा कंपाउंडर एका डमीच्या गुडघ्याला हिरवा रंग लावत होता. हात पुसायचंही भान राहिलं नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर त्याच्या सहीशेजारी हिरवे ठसे उमटले.

भाचीचं मनगट मुरगळलं होतं आणि खांद्यापासून कमरेपर्यंत बेल्टचा काळानिळा पट्टा उठला होता. भाऊजींच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. दोघंही गाडीतून आपापल्या पायांनी बाहेर आली होती. ताई मात्र आली नाही. तिला उचलून काढावं लागलं. तिच्या मानेला आणि डोक्याला लागलं होतं. ती दोन दिवस होती. शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

आठवड्याभराने भाऊजींनी त्याला बोलावून घेतलं. बरगड्यांना पट्टा आवळलेला, आवाज खोल गेलेला. "तुम्हाला या गोष्टी कळतात. जाऊन गाडी बघून या. काय खोट होती तिच्यात ते मला सांगा."

गाडी गॅरेजच्या मागच्या आवारात उभी करून ठेवली होती. कंपाउंडरने आयुष्यात शेकड्यांनी ठोकलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. सवयीने तो पुढून सुरुवात करून मागे गेला. पुढचा भाग प्रयोगशाळेत चुरगळला होता तसाच, जिथल्या तिथे चुरगळला होता. खांब सरळ. दार एका हाताने उघडलं. पुढचे दोन्ही बेल्ट ताणून आवळले गेलेले, एअरबॅगा उघडलेल्या. गाडीने तिचं काम चोख केलं होतं. खोट काढायची तर कुठे काढायची?

मग त्याने मागचं दार उघडलं. बेल्ट त्याच्या जागी निवांत गुंडाळलेला होता. जराही ताणलेला नाही. पुढची, भाऊजींची सीट मागून धक्का बसून वाकली होती. तिच्या पाठीवर काय आपटलं असेल ते रंग लावलेला नसतानाही त्याला कळलं. भाऊजींच्या बरगड्या कशाने मोडल्या तेही कळलं. खाली बकलमध्ये क्लिप होती. त्याने लाल बटण दाबलं. ती टुणकन वर आली. इकडेतिकडे पाहून त्याने ती चोरासारखी खिशात टाकली.

भाऊजींना त्याने सांगितलं, "पाहिली. नीटसं काही सांगता येत नाही." तेवीस वर्षांत वहीत एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस, पण हे वाक्य तो सहज बोलून गेला.

खोट सापडत नाही म्हटल्यावर भाऊजींनी ती स्वतः शोधायला घेतली. "पाच तारे म्हणे! दोन माणसं चालत बाहेर येतात आणि तिसरं मरतं, ही कसली पाच ताऱ्यांची गाडी?" ते टेबलापाशी बसून पत्रं लिहायला लागले. कंपनीला, वर्तमानपत्रांना, ग्राहकांच्या संघटनेला. एकेका पत्राचे चार-चार खर्डे करायचे. दिवस त्यात जायचा. दुसरीकडे भाचीने गाडी चालवायचं नाव टाकलं होतं. तिने वहीत रस्त्याची आकृती काढली होती, टेम्पोचा वेग, आपला वेग, ब्रेक लागेपर्यंतचा वेळ. गणिताची मास्तरीण, पण या एका गणिताचं उत्तर तिला रोज वेगळं यायचं.

"मामा, तू रोज बघतोस," ती म्हणाली. "मी अर्धा सेकंद आधी ब्रेक मारला असता तर? डावीकडे घेतली असती तर?"

"तुझी काही चूक नाही गं."

"हे सगळेच म्हणतात. का नाही, ते कुणी सांगत नाही."

त्याला सांगता येत होतं. त्याच्याइतकं नीट कुणालाच सांगता आलं नसतं. पण त्याने वही मिटून तिच्या हातात दिली. घरी तो जेवता जेवता थांबायचा. बायको विचारायची, तो पित्ताचं कारण सांगायचा. कामावर मात्र एक गोष्ट त्याला छळायला लागली. डमीला बेल्ट लावून पट्टी हातात घेतली, की हनुवटीपासून मोजताना हात थांबायचा. ताईच्या गळ्यावर बेल्ट येत होता, तर त्याला मऊ कापडाची एक पिशवी शिवून चढवायची होती, खाली एक कडक उशी द्यायची होती म्हणजे ती दोन इंच वर आली असती आणि बेल्ट खांद्यावर बसला असता. दहा मिनिटांचं काम. पिशवी तर ताईने बोलता बोलता शिवली असती. पुतळ्यांच्या मानेपाशी बेल्ट कसा बसतो हे आयुष्यभर बघणाऱ्या माणसाने आपल्या बहिणीला एकदाही म्हटलं नाही, की नीट बस, मला बघू दे कुठे टोचतंय ते.

दोन महिन्यांनी एका सकाळी भाऊजींनी त्याला बोलावलं. टेबलावर पत्राचा नवा खर्डा होता.

"शालक महाशय, हे जरा नजरेखालून घाला. भाषा मी पाहिली आहे. तांत्रिक शब्द तुम्ही पाहा. उद्या वकिलांकडे द्यायचंय."

कंपाउंडरने वाचायला घेतलं. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. 'माझी पत्नी मागील आसनावर सीट-बेल्ट लावून बसलेली असतानाही' या ओळीपाशी तो अडला.

"बेल्ट लावून?" त्याने विचारलं.

"नाहीतर काय? बेल्ट नसता तर गाडी वाजली असती. त्या दिवशी गाडी अजिबात वाजली नाही. मी पुढेच बसलो होतो. पूर्वी ती लावायची नाही, तेव्हा केवढी वाजायची! पुढे बंद झालं. मला वाटलं, लागली एकदाची सवय." भाऊजींनी लाल पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं. "मी तिला एकदा बरं केलंस म्हणून म्हणणारही होतो. राहून गेलं."

आता गप्प राहणं त्याला शक्यच नव्हतं. त्याने कागद खाली ठेवला.

"भाऊजी, तिने बेल्ट लावला नव्हता. गाडी वाजू नये म्हणून मी बकलमध्ये क्लिप बसवून दिली होती. आमच्या प्रयोगशाळेतली. गाडी बघायला गेलो तेव्हा ती काढून घेतली मी. तुम्हाला खोटं सांगितलं. गाडीत काही खोट नव्हती."

भाऊजींनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग विचारलं, "बेल्ट असता तर?"

"छातीठोक कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्ही दोघं ज्या गाडीतून चालत आलात, त्याच गाडीत होती ती."

"तू जा," भाऊजी म्हणाले. तीस वर्षांत ते त्याच्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलले होते. "जा तू आता."

वाकलेल्या सीटचं त्याने सांगितलं नाही. भाऊजींच्या बरगड्या कशाने मोडल्या हे त्यांना त्याने आजतागायत सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तो जिना उतरत होता, तेवढ्यात मागून भाची धावत आली. तिने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. आता ही आपल्याला काय म्हणेल ते म्हणो, अशा तयारीने तो कठडा धरून उभा राहिला.

"आईनेच मागितली ना?"

"मागितली. पण दिली मी."

ती पायरीवर बसली. "मला माहीत होतं, मामा. क्लिप म्हणून नाही, पण आई बेल्ट लावत नाही हे माहीत होतं. आरशात दिसायचं की. तरी गाडी वाजायची थांबली, तेव्हा कशी काय थांबली ते मी विचारलं नाही. मला बरंच वाटलं. शांत वाटलं."

"तू कशाला ओढून घेतेस?"

"ओढून नाही घेत. खरं ते सांगतेय." मग डोळे पुसून ती म्हणाली, "निदान ब्रेकचं गणित तरी आता बंद करते."

त्या दिवशी ती एवढंच बोलली. ती त्याच्या गळ्यात पडली नाही, की तिने त्याला दूषणंही दिली नाहीत. पण पुढच्या आठवड्यात तिने त्याला फोन केला, भाऊजींच्या औषधाचं काहीतरी विचारायला. फोन आला हेच त्याला पुष्कळ होतं.

कंपाउंडरने बायकोला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "पित्त पित्त म्हणून मला रोज जिरं भाजायला लावलंत दोन महिने!" आणि पुन्हा रडली. दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि पत्र्याचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं बोलला. मॅडम बाहेरच्या, गाड्या धडकवायच्या ट्रॅककडे पाहत ऐकत होत्या.

"डब्यातल्या बाहेर किती गेल्या?"

"ताईची धरून पाच."

"उरलेल्या चार कुणाकडे आहेत ते आठवतंय?"

"आठवतंय."

"मग इथे काय बसलात?"

त्याला लेखी समज मिळाली, वर्षाची पगारवाढ गेली. डब्यातल्या सगळ्या क्लिपा मॅडमनी त्याच्याच हातून मशीनखाली कापून घेतल्या. नोकरी राहिली. ती गेली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याला वाटायचं.

रजा टाकून तो चार घरं फिरला. प्रयोगशाळेच्या ड्रायव्हरने ऐकल्याबरोबर क्लिप काढून हातात दिली आणि मान खाली घातली. बायकोच्या मैत्रिणीने क्लिप गाडीत कधी लावलीच नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात ती बाटल्यांची बुचं काढायच्या कामाला लागली होती. "इतकी छान निघतात हो!" ती म्हणाली. कंपाउंडरला हसू आलं. क्लिप त्याने घेतलीच. बदल्यात तिला बुचं काढायची नवी चावी आणून दिली. समोरच्या इमारतीतला शेजारी मात्र हट्टाला पेटला. "दिलेली वस्तू परत मागतात का कुठे? मी मागे बसतच नाही. बायको बसते. ती म्हणते, बेल्टने साडी चुरगळते." कंपाउंडर त्याच्या सोफ्यावर तासभर बसला आणि ताईची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, गुडघ्यांपासून हिरव्या ठशांपर्यंत. शेजाऱ्याची बायको उठली, गाडीची किल्ली घेऊन खाली गेली आणि क्लिप घेऊन वर आली.

राहिला कोपऱ्यावरचा औषधवाला. त्याने कपाळावर हात मारला. "गाडी तर मी तीन महिन्यांपूर्वीच विकली हो. क्लिप? मागे डावीकडे लावलेली होती तशीच गेली असणार. माझ्या काही लक्षातही नाही."

"कुणाला विकली?"

"एजंटमार्फत. त्याने पुढे कुणाला दिली, देवालाच ठाऊक."

एजंटाचा अड्डा शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. जुन्या गाड्यांच्या रांगा आणि मधोमध पत्र्याची शेड. एजंटाने वही चाळली. ती गाडी बाहेरगावच्या दुसऱ्या एजंटाकडे गेली होती. तिथला फोन लागत नव्हता. कंपाउंडरने गाडीचा नंबर, रंग, मॉडेल सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, की मागच्या डाव्या सीटच्या बकलमध्ये मोकळी क्लिप आहे, ती काढून टाकावी.

भाऊजी अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्यांनी पत्रं लिहिणं बंद केलं. तो घरी गेला तर ते आतल्या खोलीत जातात. दार लावून घेत नाहीत एवढंच. भाचीने सहा महिन्यांनी पुन्हा गाडी चालवायला घेतली, दुसरी, जुनी. पहिल्या दिवशी ती मामाला घेऊन गेली. तो मागे बसला. तिने आरशातून त्याचा बेल्ट पाहिला, मगच गाडी सुरू केली.

त्या औषधवाल्याच्या गाडीचा पत्ता अजून लागलेला नाही. कंपाउंडर महिन्यातून एकदा बस बदलून त्या एजंटाकडे जातो. एजंट आता त्याला लांबून येताना पाहतो आणि तो शेडपर्यंत पोचायच्या आतच मान हलवून नाही म्हणतो. तरीही कंपाउंडर आत जातो, स्टुलावर बसतो आणि वही पुन्हा एकदा बघायला मागतो.